हाती दोन जागा आल्या, तर कोणती घ्यावी? बेळगाव परिसरातील पालक व विद्यार्थ्यांसाठी माहिती

आपल्या भागातील मुलांना पीयूसीनंतर कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांच्या प्रवेशवाटा खुल्या असतात. सोय मोठी आहे, पण घोटाळाही तिथेच होतो. एका राज्याची यादी आधी लागते, दुसऱ्याची मागाहून. पहिल्या ठिकाणी पैसे भरायला दोन-तीन दिवस असतात आणि दुसऱ्या ठिकाणी नंबर लागेल की नाही हे अजून कळलेले नसते. अशा वेळी घरात धावपळ होते, नातेवाइकांचे सल्ले सुरू होतात आणि निर्णय कधी भीतीपोटी तर कधी हौसेपोटी घेतला जातो.

मंडळाच्या सभासदांकडून दर वर्षी येणारे प्रश्न लक्षात घेऊन ही माहिती एकत्र केली आहे. उदाहरणे मुख्यतः अभियांत्रिकीची आहेत, कारण गोंधळ तिथे सर्वांत जास्त होतो. पदवी महाविद्यालयांविषयीही शेवटी थोडे लिहिले आहे. तारखा आणि शुल्काचे आकडे दर वर्षी बदलतात. ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावेत. येथे पद्धत आणि विचाराची दिशा दिली आहे.

१. आपल्या मुलांसमोरच्या चार वाटा

कर्नाटक सीईटी : ही परीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए घेते. अभियांत्रिकीचा क्रमांक ठरवताना पीयूसीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. म्हणून सीईटी आहे म्हणून पीयूसीच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी येथे मागे पडतो. सर्वसाधारण पात्रता कर्नाटकात किमान सात वर्षे शिक्षण झाल्याची असते. त्यासाठी शाळांचे अभ्यास-दाखले लागतात. ज्यांचे दहावीपर्यंतचे शिक्षण ग्रामीण भागात झाले आहे त्यांच्यासाठी ग्रामीण राखीव जागा असतात. कन्नड माध्यमाचे आरक्षण मराठी माध्यमाच्या मुलांना मिळत नाही, पण ग्रामीण आरक्षणाला माध्यमाची अट नाही. खानापूर तालुक्यातील किंवा बेळगाव तालुक्याच्या खेड्यांतील पालकांनी त्याच्या बाकीच्या अटी तपासून पाहाव्यात.

कॉमेड-के : कर्नाटकातील खासगी कॉलेजांतील काही जागा या परीक्षेतून भरतात. रहिवासाची अट नाही. मात्र याच कॉलेजात सीईटीतून मिळणाऱ्या जागेपेक्षा येथे शुल्क बरेच जास्त असते. कॉलेज तेच, वर्ग तोच, फी मात्र वेगळी, हे लक्षात ठेवूनच पसंतीक्रम भरावा.

महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी : येथे बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते पाहतात. क्रमांक सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतो. आपल्या मुलांना यात सीमाभागाची वेगळी सोय आहे. ती पुढील भागात दिली आहे.

जेईई : यातून आयआयटी व एनआयटीचे प्रवेश होतात. एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्यावरून. म्हणजे बेळगावातून पीयूसी केलेल्या मुलाला सुरतकलची एनआयटी स्वतःच्या राज्याची आणि नागपूरची परराज्याची. घरी बोलली जाणारी भाषा येथे विचारात घेत नाहीत.

२. सीमाभागाची सोय कशी घ्यावी

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, त्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी या परिसरांचा समावेश होतो. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रवेशापुरते सांगायचे तर महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेश नियमांत उमेदवारांचे ए, बी, सी, डी, ई असे प्रकार आहेत आणि त्यातला ‘ई’ प्रकार विवादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिकांसाठी आहे. या प्रकारातील विद्यार्थी महाराष्ट्र राज्याचा उमेदवार धरला जातो. वैद्यकीय प्रवेशातही सीमाभागासाठी थोड्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात.

यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : शिक्षण कोठे झाले, रहिवास कोठे आहे आणि मातृभाषा कोणती. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच लागतो. दुसऱ्या मायन्यात आणलेला दाखला खरा असला तरी चालत नाही. फॉर्म भरताना चुकून ‘महाराष्ट्राबाहेरील’ हा पर्याय निवडला गेला तर अखिल भारतीय जागांपुरताच विचार होतो. त्यामुळे अर्जातला हा एक रकाना दोघांनी मिळून तपासावा.

पुढचे तीन मुद्दे पालक बहुधा उशिरा लक्षात घेतात.

पहिला, अकरावीचे कॉलेज. चांगल्या शिकवणीसाठी दहावीनंतर मुलाला दोन वर्षे बाहेरगावी पाठवण्याची पद्धत वाढली आहे. पण बारावी कोठून केली यावर एनआयटीचे राज्य ठरते, आणि सीमाभागाच्या सवलतीतही शिक्षणाचे ठिकाण पाहतात. म्हणून अकरावीला बाहेर पाठवण्याआधीच दोन्ही राज्यांच्या चालू नियमावल्या वाचाव्यात. बारावीनंतर हा प्रश्न सुधारता येत नाही.

दुसरा, नावातील फरक. आपल्याकडे गुणपत्रिकेवर बऱ्याचदा नाव आणि आद्याक्षरे एवढेच असते. आधारवर वडिलांचे नाव पूर्ण असते आणि कन्नडमधून इंग्रजीत येताना आडनावाचे एखादे अक्षर बदललेले असते. अशा वेळी दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेची नोंद ‘मराठी’ आहे ना, हेही पाहावे.

तिसरा, जातीचा दाखला. सर्वसाधारण तत्त्व असे, की दाखला ज्या राज्याचा, आरक्षणाचा लाभ त्या राज्यात. कर्नाटकात मराठा समाज ३-बी गटात येतो. तो दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. महाराष्ट्राच्या शुल्क-सवलतींचेही तसेच. मुलींच्या शिक्षणशुल्काची माफी, विविध शिष्यवृत्त्या यांच्या बातम्या वाचून हिशेब मांडू नये. आपल्या प्रकारच्या उमेदवाराला ती सवलत लागू आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयाला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे.

३. ‘नंबर लागला’ म्हणजे नेमके काय झाले

यादीत नाव आले म्हणजे प्रवेश झाला नाही. एका ठरावीक मुदतीपर्यंत ती जागा आपल्यासाठी राखून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बँकेत मंजुरीपत्र मिळाले म्हणजे कर्ज खात्यावर जमा झाले असे होत नाही, त्यावरच्या अटी आणि मुदत पाळावी लागते. येथेही तसेच आहे.

केईएच्या वाटपानंतर चार पर्याय येतात. पहिला : जागा मान्य, शुल्क भरतो, कॉलेजात हजर होतो. दुसरा : ही जागा हाती ठेवतो, पण यादीत वर लिहिलेली जागा मिळाली तर ती हवी. तिसरा : ही जागा नको, पुढच्या फेरीत भाग घेतो. चौथा : मी या प्रक्रियेतून बाहेर पडतो. यांतला दुसरा आणि तिसरा यांत गल्लत होते. तिसऱ्या पर्यायात हातची जागा जाते आणि पुढच्या फेरीत काही मिळेलच अशी खात्री नसते. दुसऱ्या पर्यायात वरची जागा मिळाली की खालची आपोआप रद्द होते. मग ‘आधीचीच बरी होती’ म्हणून परत जाता येत नाही.

महाराष्ट्राच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जागा कायम करणे किंवा ती राखून वरच्या पसंतीसाठी थांबणे असे पर्याय आहेत. २०२५ च्या प्रवेशापासून चार फेऱ्या झाल्या आणि नवा नियम आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप कायम होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हा नियम लागू झाला. त्यामुळे ‘बघू तरी नंबर लागतो का’ म्हणून एखादे कॉलेज यादीत वर टाकण्याची सवय आता महागात पडते.

जेईईच्या समुपदेशनात फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे तीन शब्द येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा कायम. फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीचे कोणतेही कॉलेज चालेल. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, पण वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर हवी.

पसंतीक्रमाबाबत एकच नियम पाळावा. जे सर्वांत हवे ते सर्वांत वर. संगणक आपली यादी वरून खाली वाचतो आणि आपल्या क्रमांकाला जी पहिली उपलब्ध जागा बसते ती देतो. अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालच्या सोप्या कॉलेजची संधी कमी होत नाही. मात्र जेथे आपण कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही, ते नाव यादीत अजिबात नसावे. केईए प्रत्यक्ष वाटपाआधी नमुना वाटप जाहीर करते. ते पाहून क्रम दुरुस्त करण्याची संधी असते, ती घ्यावी.

४. एक जागा हातात, दुसरीची वाट

समजा कर्नाटक सीईटीतून बेळगावच्या कॉलेजात जागा मिळाली आहे आणि सांगली, कोल्हापूर किंवा पुण्याची यादी अजून लागायची आहे. अशा वेळी पुढील क्रम ठेवावा.

- पहिली जागा घेण्याजोगी असेल तर मुदतीत पैसे भरून ती पक्की करावी. दुसरीच्या आशेवर पहिली सोडू नये.
- पैसे भरण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल, हा नियम वाचून त्याची प्रत काढून ठेवावी.
- मूळ कागदपत्रे एका जागी अडकणार नाहीत हे पाहावे. नियमाप्रमाणे संस्थेने मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यायची असतात. ती ठेवून घ्यायची नसतात.
- दुसरी जागा प्रत्यक्ष मिळून तिचे शुल्क भरल्यावर आणि पावती हातात आल्यावरच पहिली रद्द करावी.
- रद्द करण्याचा अर्ज अधिकृत संकेतस्थळावरून किंवा लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. फोनवर सांगितलेले रद्द धरले जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत शुल्क-परताव्याचे टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी जागा सोडल्यास १०० टक्के (त्यातून प्रक्रिया शुल्क जास्तीत जास्त ५ टक्के किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असेल ते). अंतिम तारखेआधीच्या १५ दिवसांत सोडल्यास ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. ३० दिवसांनंतर काही नाही. आयोगाने पुढे काही वर्षी याहून सवलतीच्या तारखा दिल्या. उदाहरणार्थ २०२४ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत कमाल १,००० रुपयांची कपात असे कळवले होते. केंद्रीय प्रवेशातल्या जागांना त्या त्या प्राधिकरणाचे नियम लागू होतात. विशेषतः शेवटच्या फेरीनंतर जागा सोडल्यास भरलेले शुल्क बुडू शकते आणि दंडही बसू शकतो.

परतावा मिळतो, पण वेळ लागतो. दोन्हीकडचे पहिले हप्ते काही आठवडे एकदम अडकतील अशी तयारी ठेवावी. त्यासाठी मे महिन्यातच बचत खात्यात रक्कम मोकळी ठेवावी. ऐन मुदतीत मुदतठेव मोडणे किंवा हातउसने घेणे टळते.

५. तुलना कशाची करावी

शाखा आणि कॉलेज. नामांकित कॉलेजात नको असलेली शाखा, की साध्या कॉलेजात हवी ती शाखा, हा प्रश्न घरोघरी असतो. मुलाला विषयाची खरी ओढ असेल तर शाखेला महत्त्व द्यावे. ओढ ठरलेली नसेल तर कॉलेज पाहावे, कारण चांगले शिक्षक आणि चांगले सहाध्यायी यांचा फायदा कोणत्याही शाखेत होतो. ‘शाखा दुसऱ्या वर्षी बदलून घेऊ’ या भरवशावर प्रवेश घेऊ नये. अशा जागा मोजक्या असतात आणि त्या गुणांवर मिळतात.

संस्थेची पार्श्वभूमी. बेळगावात गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासून आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आपल्याच गावी आहे. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ चे, पुण्याचे सीओईपी १८५४ चे. जुनेपणाने दर्जा सिद्ध होत नाही, पण माजी विद्यार्थ्यांचे जाळे त्यातून तयार होते. दर्जासाठी एनबीएची मान्यता पाहावी. ती संपूर्ण कॉलेजला नसून शाखेला असते. आपल्या शाखेला ती आहे का आणि कोणत्या सालापर्यंत आहे, हे विचारावे. नवीन नावाच्या शाखा सुरू झाल्या आहेत, त्यांतली पहिली तुकडी बाहेर पडली आहे का, हेही विचारावे.

नोकरीचे आकडे. माहितीपत्रकावर सर्वांत मोठे पॅकेज ठळक छापलेले असते. ते एकाच विद्यार्थ्याचे असते. विचारायचे आकडे तीन : शाखेत एकूण विद्यार्थी किती, त्यांतल्या किती जणांना नोकरी मिळाली, आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती. एकाच विद्यार्थ्याला तीन कंपन्यांनी निवडले तर तीन नोकऱ्या मोजण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. म्हणून ‘ऑफर’ आणि ‘विद्यार्थी’ वेगळे विचारावेत.

परिसर. उद्यमबागेतील फाउंड्री व यंत्रभागांचे कारखाने, हत्तरगीचे विमानभागांचे उद्योगक्षेत्र यांमुळे मेकॅनिकलच्या मुलाला बेळगावात राहूनही प्रत्यक्ष काम पाहता येते. कोल्हापुरातही तेच. संगणकाच्या शाखेला मात्र पुणे, बेंगळुरूच्या कंपन्यांची जवळीक उपयोगी पडते.

भाषा. या मुद्द्यावर आपल्याकडे गैरसमज फार आहेत. अभियांत्रिकीचे शिक्षण दोन्हीकडे इंग्रजीतच होते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कन्नडचा एक छोटा विषय असतो आणि कन्नड न येणाऱ्यांसाठी त्याचे ‘बळके कन्नड’ हे सोपे, व्यवहारापुरते रूप आहे. त्याला घाबरून महाराष्ट्र गाठण्याचे कारण नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची खरी परीक्षा पहिल्या सत्रातल्या इंग्रजीशी असते आणि ती पुण्यातही तेवढीच असते. प्रवेश आणि वर्ग सुरू होणे यांच्यामधले दोन महिने त्यासाठी वापरावेत.

अंतर. कोल्हापूर सुमारे ११०, पुणे ३४० आणि बेंगळुरू ५०० किलोमीटर. घरात आजारी वडीलधारे असतील किंवा मूल प्रथमच घराबाहेर राहणार असेल, तर शनिवारी घरी येऊन रविवारी परतता येते का, हा प्रश्न गौण नाही.

६. चार वर्षांचा खर्च कागदावर मांडावा

फीची तुलना करून भागत नाही. पूर्ण चार वर्षांचा खर्च मांडावा. खालील आकडे नमुन्यादाखल आहेत. आपले आकडे त्या जागी घालावेत.

घरी राहून बेळगावात, दर वर्षी : शिक्षणशुल्क १,००,०००, जाणे-येणे १२,०००, पुस्तके व इतर १५,०००. एकूण १,२७,००० रुपये. चार वर्षांचे ५,०८,००० रुपये.

पुण्यात राहून, दर वर्षी : शिक्षणशुल्क १,३०,०००, वसतिगृह व मेस १,२०,०००, घरी येणे-जाणे १२,०००, पुस्तके व इतर १५,०००. एकूण २,७७,००० रुपये. चार वर्षांचे ११,०८,००० रुपये.

फीतला फरक वर्षाला ३०,००० दिसतो, पण प्रत्यक्ष फरक चार वर्षांत ६ लाखांचा आहे. आता हे ६ लाख कर्जाने उभे केले असे धरू. दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले, व्याजदर १० टक्के, अभ्यासक्रम आणि त्यापुढे एक वर्ष परतफेड नाही, तोवर सरळ व्याज. चार हप्त्यांवर अनुक्रमे पाच, चार, तीन आणि दोन वर्षांचे व्याज होते, म्हणजे २,१०,००० रुपये. परतफेड सुरू होताना बाकी ८,१०,०००. दहा वर्षांची मुदत घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे १२ लाख ८४ हजार.

हेच व्याज वडिलांनी शिक्षणकाळात आणि पुढच्या एका वर्षात वेळच्या वेळी भरले, तर हप्ता मूळ ६ लाखांवरच बसतो, म्हणजे सुमारे ७,९३०. भरलेले २,१०,००० धरूनही एकूण रक्कम सुमारे ११ लाख ६१ हजार होते. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास बचत होते. शिवाय व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात थोडी सूट देतात, मुलींनाही काही बँकांत सूट असते.

हा हिशेब बाहेरगाव टाळावे म्हणून दिलेला नाही. पहिल्या नोकरीच्या पगारातून १०,७०० रुपये हप्ता गेल्यावर मुलाच्या हाती काय उरेल, हे आज दिसावे म्हणून दिला आहे. त्या जादा ६ लाखांतून काय मिळणार आहे, याचे समाधानकारक उत्तर असेल तर कर्ज जरूर घ्यावे. तेच उत्तर ‘पुण्याला शिकतो म्हणून सांगायला बरे’ एवढेच असेल, तर पुन्हा विचार करावा.

कर्जाविषयी काही ठळक गोष्टी :

- बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण व स्वतःचा वाटा लागत नाही. त्यापुढे देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के वाटा घालावा लागतो. पत-हमी योजनेमुळे ७.५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते.
- पालक सहकर्जदार असतात. मुलाने हप्ते थकवले तर परिणाम दोघांच्याही पत-नोंदीवर होतो. सही करण्यापूर्वी हे दोघांनाही माहीत असावे.
- केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. त्यात तारण व जामीन लागत नाही. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती-काळात ३ टक्के व्याज-सवलत आहे. आपले कॉलेज यादीत आहे का ते पाहावे. दोन जागांपैकी एक यादीत असेल आणि दुसरी नसेल तर तुलनेत तोही मुद्दा धरावा.
- जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाचे व्याज आठ वर्षांपर्यंत वजावटीस पात्र आहे.
- कर्नाटकात ८ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षणशुल्क माफ असलेल्या काही जादा जागा असतात, त्यांना एसएनक्यू म्हणतात. चांगला क्रमांक असलेल्या गरजू मुलाने हा पर्याय चुकवू नये. त्यासाठी नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा.
- कर्जमंजुरीला दिवस लागतात. प्रवेशपत्र, शुल्काचे अधिकृत पत्रक आणि उत्पन्नाचे कागद तयार ठेवून जूनमध्येच शाखेत चौकशी करावी.

व्यवस्थापन कोट्यातून जागा घेताना प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीशिवाय दिलेल्या रकमेवर कर्ज मिळत नाही, परतावाही मिळत नाही.

७. पदवी महाविद्यालये

वाणिज्य, विज्ञान व कला शाखांना अशा फेऱ्या नसतात. कॉलेजची गुणवत्ता यादी लागते आणि प्रवेश होतो. लिंगराज, आरपीडी, जीएसएस अशी कॉलेजे आपल्या पिढीने पाहिली आहेत. आता बेळगाव परिसरातली पदवी महाविद्यालये २०१० मध्ये स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली येतात. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आहे. दोन राज्यांत तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा : कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली, तर महाराष्ट्रात राष्ट्रीय धोरणाप्रमाणे तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याची किंवा चौथे वर्ष करण्याची सोय आहे. सीए, बँकिंग किंवा स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलासाठी घरी राहून बीकॉम करणे आणि वाचलेले पैसे शिकवणीवर खर्च करणे, हा अनेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

८. मनासारखे झाले नाही तर

हवी ती जागा मिळाली नाही म्हणून दार बंद होत नाही. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात अभियांत्रिकीला जाण्याची वाट दोन्ही राज्यांत आहे. बीएससी किंवा बीसीए करून पुढे एमएससी, एमसीए करता येते. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा विचार असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : मागच्या वेळी नेमके कोठे कमी पडले हे कळले आहे का, मुलाची स्वतःची इच्छा आहे का, आणि त्या वर्षाचा खर्च घराला झेपेल का. तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच थांबावे.

निकालाच्या दिवसांत घरातली भाषा सांभाळावी. ‘अमक्याच्या मुलाला कुठे मिळाले’ ही चौकशी मुलाच्या देखत करू नये. क्रमांक हा एका दिवसाच्या परीक्षेचा असतो. पण त्या आठवड्यात घरी ऐकलेली वाक्ये मुले पुढे फार काळ विसरत नाहीत.

९. शेवटचा निर्णय

आपल्याकडे या निवडीला आणखी एक पदर आहे. काहींना वाटते, मुलाने महाराष्ट्रातच शिकावे, तीच आपली ओढ. काहींना वाटते, इथेच राहायचे तर इथल्या कॉलेजात ओळखी झालेल्या बऱ्या. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. पण चार वर्षे वर्गात मूल बसणार आहे. मराठीपण घरात, वाचनात आणि मंडळाच्या कार्यक्रमांतही टिकवता येते. त्याचा भार अठरा वर्षांच्या मुलाच्या शाखानिवडीवर टाकू नये. सीमाभागाची सवलत हक्काची आहे, ती उपयोगाची असेल तेव्हा घ्यावी. केवळ आहे म्हणून घ्यावी असे नाही.

शक्य असल्यास दोन्ही कॉलेजे मुलाला घेऊन प्रत्यक्ष पाहावीत. प्रयोगशाळा, वाचनालय, वसतिगृहाची मेस पाहावी आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी मुलालाच बोलू द्यावे. त्या वेळी आपण थोडे बाजूला उभे राहावे. मग एका कागदावर दोन रकाने करून शाखा, दर्जा, चार वर्षांचा खर्च, कर्जाचा हप्ता, अंतर आणि मुलाची इच्छा हे सहा मुद्दे लिहावेत. खर्चाची मर्यादा पालकांनी स्पष्ट सांगावी, ती सांगण्यात कमीपणा नाही. त्या मर्यादेच्या आत निवड मुलाची असावी.

मुदत संपण्याच्या आदल्या दिवशीच शुल्क भरावे, शेवटच्या तासाला संकेतस्थळ मंद चालते. पावती, वाटपपत्र आणि पर्याय निवडल्याचा कागद यांच्या दोन प्रती काढून एक घरी ठेवावी. एकदा निर्णय झाला की सोडलेल्या जागेची चर्चा घरात बंद करावी आणि मुलाला पहिल्या सत्राच्या तयारीला लागू द्यावे.